बारावी खुर्ची

पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी बादल्या भरत होतो. बुधवारची रात्र होती, दुसऱ्या दिवशी गुरुवार, आणि आमच्या भागात गुरुवारी पाणी बंद. "दादा, सलाम," ते म्हणाले. "अकरा झालेत. एक खुर्ची रिकामी राहतेय. तुम्ही बसाल का?"

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात, त्यांवर बारा पुरुष बसतात. पाळक झगा काढून ठेवतात, कमरेला टॉवेल गुंडाळतात आणि गुडघे टेकून एकेकाचे पाय धुतात. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे धुतले, तसे. ऐकायला फार गोड वाटतं. पण ही बारा माणसं जमवताना दर वर्षी पाळकांच्या नाकी नऊ येतात. कापणीच्या सणाला लिलावात बोली लावायला माणसं आहेत, नाताळात तारा चढवायला शिडीवर चढणारी आहेत, मयतीला रात्र जागवणारी तर विचारूच नका. खुर्चीत बसून मोजे काढायला मात्र कुणी मिळत नाही. जे बसतात त्यांची तऱ्हा वेगळी. घरून पाय घासून, नखं कापून, कोरे मोजे चढवून येतात. एकाने पार्लरमध्ये जाऊन पाय करून घेतल्याची बातमी महिला मंडळाने फोडली होती. बाई यायच्या आधी भांडी विसळून ठेवतात ना, त्यातलाच प्रकार.

मी कधी बसलो नाही. मी तांब्या धरतो. पाळकांच्या मागे बादली घेऊन सरकायचं, पाणी ओतायचं, कोरडा टॉवेल पुढे करायचा. ते काम माझ्याकडे इतकी वर्षं आहे की कुणी मला ते सांगतही नाही.

"बघतो," मी म्हणालो, आणि नळ बंद केला.

या फोनच्या दोनेक महिने आधी आम्ही लोणावळ्याला गेलो होतो. पुरुषांचं शिबिर. चाळीसेक जण, दोन बसगाड्या, आणि स्वयंपाकाला महिला मंडळातल्या सहा जणी. वक्ते बाहेरगावचे होते. रुंद छाती, कानाला माईक, मागे पडद्यावर सिंहाचं चित्र. विषय होता 'पवित्र शास्त्रातला पुरुष'. मंडळीत बायकाच जास्त दिसतात, पुरुष मागच्या बाकावर पेंगतात, कारण आपण येशूला मवाळ करून ठेवलाय, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या घरातली तसबीर बघा, ते म्हणाले, शाम्पूच्या जाहिरातीतल्यासारखे केस आणि ओलसर डोळे. खरा येशू सुतार होता, त्याच्या हाताला घट्टे होते. त्याने दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, वळला आणि मंदिरातले चौरंग उलटे केले. मग त्यांनी पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वचन घेतलं: "सावध असा, विश्वासात स्थिर राहा, मर्दासारखे वागा, खंबीर व्हा." चाळीस जणांनी 'आमेन' म्हटलं. मीही म्हटलं. खोटं कशाला सांगू, बावन्नाव्या वर्षी कुणी आपल्याला मर्द म्हणावं, एवढ्यानेही छाती फुगते.

माणूस वाईट नव्हता. त्याने दारूबद्दल, कर्जाबद्दल, मोबाइलवर रात्री काय बघता त्याबद्दल जे सांगितलं ते आमच्यातल्या बऱ्याच जणांना लागलं. दोघं-तिघं नंतर त्याच्याशी एकटे बोलत बसले होते. या सगळ्या प्रकाराला नुसतं हसणं मला जमत नाही. पण घरी आल्यावर ते वचन मी पुन्हा उघडलं, कारण माझी सवय अशी की पुढचं वाचल्याशिवाय राहवत नाही. पुढचंच वाक्य आहे: "तुम्ही जे काही करता ते सर्व प्रीतीने करा." शिबिरात आम्ही खंबीरपाशीच थांबलो होतो.

मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे तो सगळ्या नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मात्र तो भेटतो. यहोशवाला देव सांगतो, खंबीर हो, हिंमत धर, तिथे हाच शब्द. 'पुरुष' या शब्दातूनच तो निघालाय हे खरं, पण पौल तो लिहितो अख्ख्या मंडळीला. त्यात बायका होत्या. पाचच ओळींनंतर तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याचा सलाम कळवतो आणि त्यांच्या घरी भरणाऱ्या मंडळीचाही. म्हणजे 'मर्दासारखे वागा' हे प्रिस्किल्लेच्या ओळखीपाळखीतल्या बायकांनीही ऐकलं असणार, आणि त्यांनी त्याचा अर्थ 'दम धरा' असाच घेतला असणार. आणि हाच पौल थेस्सलनीकेच्या लोकांना सांगतो की, मुलाबाळांना जपणाऱ्या आईसारखा मी तुमच्यात वागलो. गलतीकरांना तर तो म्हणतो की, तुमच्यासाठी मला पुन्हा प्रसूतिवेदना होताहेत. हे कुठल्या पडद्यावर दाखवणार?

कोरड्याचंही तसंच. चारही शुभवर्तमानांत मंदिराची हकीकत आहे, कोरडा एकट्या योहानात आहे. गुरंमेंढरं त्याने हाकलली, सराफांचा पैसा उधळला, आणि कबुतरं विकणाऱ्यांपाशी आल्यावर म्हणाला, ही इथून काढून घ्या. पिंजऱ्यांना हात लावला नाही. चौरंग उलटला तर नाणी वेचता येतात, पिंजरा आपटला तर पाखरू मरतं. रागाच्या भरात ज्याला एवढं सुचतं त्याचा राग कसला असेल, हे मला अजून नीट कळलेलं नाही. माझ्या रागात मला काहीच सुचत नाही.

त्या तसबिरीचा इतिहासही गमतीचा आहे. ती आमच्या बैठकीत फ्रिजच्या वर आहे, बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांत कुठे ना कुठे असतेच. वॉर्नर सॉलमन नावाच्या शिकागोच्या चित्रकाराने ती १९४० मध्ये रंगवली, आणि तिच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. गंमत अशी की, सॉलमनला त्याच्या तरुणपणी एका शिक्षकाने सांगितलं होतं, ख्रिस्त काढशील तर चांगला मर्दानी काढ. त्याने काढला तो हा. त्या काळच्या पुष्कळांना तो मर्दानी वाटलाही. आता लोणावळ्यात त्याला शाम्पूची जाहिरात म्हणतात. प्रत्येक पिढीला आपला येशू जरा बायकी वाटतो, आणि मग त्याला व्यायामशाळेत घालण्याची खटपट सुरू होते. इंग्लंडमध्ये १८५७ च्या सुमारास चार्ल्स किंग्सली, टॉमस ह्यूज या मंडळींच्या लिखाणाला 'मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी' असं नाव पडलं. पिळदार ख्रिस्तीपण, म्हणू या. शरीर कसलं की शील कसलं जातं. काश्मीरच्या मिशन शाळेत १८९० मध्ये आलेल्या टिंडेल-बिस्कोने पंडितांच्या मुलांना फुटबॉल खेळायला लावलं तेही याच वाऱ्यात. चामड्याच्या चेंडूला शिवायचं कसं म्हणून ती पोरं रडकुंडीला आली होती. बास्केटबॉलही १८९१ मध्ये वायएमसीएच्याच प्रशिक्षणशाळेत जन्मला. मी स्वतः लहानपणी वायएमसीएत कॅरम खेळायचो, त्यामुळे माझ्या पिळांचं काही झालं नाही.

आता जे सांगायचंय ते सांगायला मी इतका वेळ घेतला, त्याला कारण आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी चर्चच्या कमिटीत होतो. एका रविवारी उपासनेनंतर एक बाई कमिटीपुढे आल्या. चाळिशीच्या. नवरा आमच्यातलाच, गायकवृंदात खर्जात गाणारा, देणग्यांत हात सैल. बाईंनी पदर जरा बाजूला करून मनगट दाखवलं. तिथे चार बोटं उमटली होती. त्या फार बोलल्या नाहीत. मला काही दिवस माझ्या बहिणीकडे राहू द्या, आणि तुम्ही यांच्याशी बोला, एवढंच. आम्ही पाच जण होतो, पाचही पुरुष. एका ज्येष्ठांनी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडला आणि स्त्रियांनी पतीच्या अधीन असावं ते वाचून दाखवलं. मग प्रार्थना झाली. मग चहा आला. बाई चहा न घेता घरी गेल्या, म्हणजे आम्हीच त्यांना घरी पाठवलं.

मी काहीच बोललो नाही. मला ते पटलं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी बशीतला चहा पीत राहिलो.

तो अध्याय नंतर मी इतक्यांदा वाचलाय की ते पान सैल झालंय. आम्ही बाविसाव्या ओवीपासून वाचलं होतं. एकविसावी सांगते, ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या ओवीला स्वतःचं क्रियापदच नाही, ते एकविसावीतून उसनं घ्यावं लागतं. आणि पंचविसावी पतींना सांगते, ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला देऊन टाकलं, तशी बायकोवर करा. पती पत्नीचं 'मस्तक' आहे असं तिथे म्हटलंय, ते मी खोडत नाही. माझे काही मित्र मानतात की देवाने घरात पुरुषाला पुढारपण दिलंय, काही मानतात की दोघं सारखेच. अमेरिकेत त्यावर १९८७ पासून जाहीरनामे निघालेत आणि भांडण अजून चालू आहे. पण पुढारपण मानणाऱ्यालाही शेवटी जावं लागतं ते वधस्तंभापाशीच, कारण पौलाने दाखला तोच दिलाय. त्या मस्तकावर मुकुट होता तो काट्यांचा. बोटं उमटलेल्या मनगटाला त्या अध्यायात कुठेही जागा नाही, आणि हे त्या दिवशी टेबलाभोवतीच्या पाचांपैकी निदान एकाला तरी ठाऊक होतं.

आदामाची पहिली चूक कोणती, असं शब्बाथशाळेत विचारलं की पोरं म्हणतात, फळ खाल्लं. उत्पत्तीत नीट वाचलं तर कळतं की सर्प हव्वेशी बोलतो तेव्हा आदाम कुठे लांब शेतावर गेलेला नाही. तिने 'आपल्याबरोबर' असलेल्या पतीलाही दिलं, असं लिहिलंय. म्हणजे तो तिथेच होता आणि गप्प होता. तोंड उघडलं ते, तू मला दिलेल्या या बाईनेच फळ दिलं, हे सांगायला. मला हा माणूस फार ओळखीचा वाटतो.

गप्प राहणारा दुसरा एक जण आहे, योसेफ. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नाही. मरीया गरोदर आहे कळल्यावर नियमशास्त्र त्याच्या बाजूचं होतं, गाव त्याच्या बाजूचं असतं. तिचा बोभाटा करायचा नाही एवढंच त्याने ठरवलं. मग स्वप्न, मग रात्रीतून उठून तिला आणि बाळाला घेऊन मिसर. तो बोलत नाही, उठतो आणि करतो. लोणावळ्याला त्याचं नावही निघालं नाही. त्याच्या मागे सिंह कसा शोभणार?

आमचे पपा योसेफाच्या जातीचे. खडकीच्या कारखान्यात पाळ्या करायचे, सायकलवर जायचे. शनिवारी रात्री जेवणं झाली की मधल्या खोलीत वर्तमानपत्र पसरायचं आणि घरातल्या सगळ्यांच्या चपलाबूट ओळीने मांडायचे. चेरी ब्लॉसमची डबी, जुन्या बनियनची चिंधी, एक ब्रश काळ्याला, एक तपकिरीला. आईच्या चपलांचे बंद ते दातकोरण्याने साफ करत. आम्हा तिघा भावंडांचे बूट झाले की शेवटी स्वतःचे. तोवर डबीत फार काही उरलेलं नसायचं, मग ते डबीच्या कडेला चिंधी फिरवायचे. शेजारचे काका एकदा म्हणाले, काय हो, बायकोच्या चपला पॉलिश करता? पपा म्हणाले, रविवार आहे उद्या. बस्स.

'पुरुषाने कसं वागावं' यावर ते आयुष्यात एक वाक्य बोलले नाहीत, आणि माझ्या मते त्यांनी सगळं करून दाखवलं. फक्त एक सोडून. शेवटच्या दुखण्यात त्यांना वाकता येईना. आईने बादली आणली, शुश्रूषेला ब्रदर आला, मी म्हटलं मी धुतो पाय. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, राहू दे. तीन महिने 'राहू दे'. ज्याने चाळीस वर्षं घरभराचे बूट पुसले त्याला स्वतःची टाच दुसऱ्याच्या हातात देता येईना. आईने नखं कापली तीही दार लावून.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं नेमकं हेच झालंय. तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, असं तो ठणकावतो. आपण म्हणतो, किती नम्र. मला त्यात नम्रता दिसत नाही. तलवार चालवायला तो त्याच रात्री तयार आहे, मल्ख नावाच्या एका दासाचा कान तोडतोही. प्रभूसाठी मरायला तयार, मारायला तयार, पाय पुढे करायला तयार नाही. येशूचं उत्तर मवाळ नाही: मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याशी संबंध नाही.

आणि स्वतः येशूला ते जमत होतं. तेराव्या अध्यायाच्या आधी बारावा आहे, पण आपण तो पाय धुण्याच्या विधीला वाचत नाही. वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी बेथानीला लाजराची बहीण मरीया हिने त्याच्या पायांना जटामांसीचं मोलाचं तेल लावलं आणि आपल्या केसांनी ते पुसले. भरल्या पंगतीत. यहूदा इस्कर्योत हा शिष्य कुरकुरला. येशू पाय आखडून बसला नाही, उलट म्हणाला, तिला करू दे. पुढच्या अध्यायात तो स्वतः कमरेच्या रुमालाने शिष्यांचे पाय पुसतो, तेव्हा योहान 'पुसणे' या क्रियेला ग्रीकमध्ये तोच शब्द वापरतो. मला वाटतं, ही गोष्ट त्याने आठवड्याभरापूर्वी एका बाईकडून घेतली. यावर धर्मशिक्षणसंस्थेतले लोक नाक मुरडतील, मुरडोत. आधी घेतलं आणि मग दिलं. आमचं सगळं देण्यातच अडकलंय. देणारा उभा असतो ना.

हे पुण्यात राहून मला इतक्या उशिरा का उमगावं, कळत नाही. पालख्या मुक्कामाला येतात त्या आमच्याच भागात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत. लहानपणी आम्ही क्वार्टर गेटला उभे राहून बघायचो. शाळेच्या पडवीत, दुकानांच्या फळ्यांवर वारकरी बसलेले असतात, आणि कुणीतरी कॉलेजातली पोरं तेलाची बाटली घेऊन त्यांचे पाय चोळत असतात. सत्तरीचा रापलेला शेतकरी, आयुष्यभर नांगर धरलेला, भेगाळलेली पावलं सरळ पुढे करतो. "जरा टाचेला लाव, माउली." संकोच नाही की उपकार नाही. विठोबा पुरुष, ज्ञानोबा पुरुष, तो पोरगाही पुरुष, आणि सगळे आई. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताला मायगुरू म्हटलं. टिळक काही मवाळ गृहस्थ नव्हते. त्यांचा तापटपणा लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त असा उतरवलाय की आपल्यालाच दडपण येतं, आणि धर्मांतरानंतर जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. अशा माणसाला आपल्या देवात आई सापडावी! येशूने तरी दुसरं काय म्हटलं होतं? यरुशलेमेकडे बघून तो म्हणाला, कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुला घ्यायचं मी किती वेळा मनात आणलं. पडद्यावरच्या सिंहाच्या जागी मी मनातल्या मनात कोंबडी ठेवून बघितली. चाळीस जणांचं आमेन काही ऐकू येईना.

त्या बाई पुढे पुणे सोडून गेल्या. कशा गेल्या, कुणी मदत केली, ते मला नंतर कळलं. मदत करणाऱ्यांत कमिटीतलं कुणी नव्हतं, महिला मंडळातल्या दोघी होत्या. मागच्या वर्षी क्वार्टर गेटच्या बसथांब्यावर त्या दिसल्या. मी पुढे झालो. त्यांनी "सलाम" म्हटलं, बस आली, त्या चढल्या. बोलायचं मी ठरवून ठेवलेलं सगळं तसंच राहिलं.

गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून परस्पर चर्चला गेलो. घरी जाऊन पाय धुवायचा बेत होता, पण बायकोचा फोन आला की भरून ठेवलेल्या बादल्या दुपारी पाहुण्यांना लागल्या आणि सोसायटीची टाकी कोरडी आहे. सकाळपासून स्कूटरवर फिरलेले पाय, मोज्याची वळी उमटलेली, उजव्या करंगळीचं नख गेल्या पावसाळ्यापासून काळं. तांब्या या वर्षी एका सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात होता. बारावी खुर्ची भिंतीच्या कडेची, बरं झालं.

पाळक गुडघ्यांवर सरकत येत होते. प्रत्येक खुर्चीपाशी त्यांचा एक गुडघा कटकन वाजत होता. गाणं थांबलं होतं, नुसता पाण्याचा आवाज. माझ्यापर्यंत आले तेव्हा टॉवेल भिजून जड झाला होता आणि बादलीतलं पाणी गढूळ. मुलीने पाणी ओतलं. त्यांनी माझी टाच तळहातावर घेतली आणि थांबले. वर बघितलं.

"दादा," ते हळूच म्हणाले, "पाय तुम्हीच उचलून धरलाय. सैल सोडा."

मी सोडला, असं मला वाटलं.

"अजून," ते म्हणाले.